प्रदर्शनासाठी कालवडीची चाल कशी सुधारावी?

प्रश्न : चोपडा तालुक्यातील पशुपालक

नमस्कार. माझ्याकडे दीड वर्षाची गीर कालवड असून येत्या हिवाळ्यात तिला पशुप्रदर्शनात उतरवण्याचा विचार आहे. कपाळाचा उंचवटा, कानांची ठेवण आणि अंगकाठी या बाबतींत ती उजवी आहे. परंतु चालताना तिचे मागचे पाऊल आखूड पडते आणि मागून पाहिल्यास पायांचे मधले सांधे आत झुकलेले व खुरांची टोके बाहेर वळलेली दिसतात. पावसाळाभर ती कोब्यावरच बांधलेली होती. मोरकीचा दोर ओढला की मान वर करून ती पाय रोवून उभी राहते. रोज फिरवल्याने हा दोष जाईल, की तो हाडाचाच आहे असे समजून विचार सोडून द्यावा?

उत्तर : शिरपूर

दादा, दोष हाडाचा आहे असे ठरवण्यापूर्वी तिचे खूर पाहावेत. मागच्या पायाची बाहेरची नखी आतल्या नखीपेक्षा अधिक वाढते आणि कोब्यावर उभ्या राहणाऱ्या जनावरात तिच्यावरच जास्त भार येतो. तो भार टाळण्यासाठी जनावर खुराची टोके बाहेर वळवते आणि त्यामुळे मधले सांधे एकमेकांकडे येतात. आपण वर्णन केलेली ठेवण नेमकी अशीच वाटते. पाय उचलून तळवा पुसा आणि दोन्ही नख्यांची उंची डोळ्यांच्या रेषेत आणून पाहा. बाहेरची नखी उंच असेल, तर जाणकाराकडून दोन्ही नख्या समपातळीत साळून घ्याव्यात. मोठ्या गायीच्या नखीची पुढची लांबी केसांच्या रेषेपासून साधारण 7.5 सेंटिमीटर ठेवतात. कालवडीला हे माप जसेच्या तसे लावू नये. तळवा अंगठ्याखाली दबू लागला, की साळणे तिथेच थांबवावे. हे काम प्रदर्शनाच्या किमान महिनाभर आधी उरकावे, कारण ताज्या साळलेल्या खुरांवर जनावर काही दिवस जपून पाऊल टाकते.

याउलट, मागचा पाय बाजूने पाहता खांबासारखा सरळ असेल, तर ती ठेवण बहुधा वंशातून आलेली असते. साळण्याने किंवा फिरवण्याने ती बदलत नाही.

उत्तर : रावेर

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र दोर ओढण्याची पद्धतही बदलावी, असे आग्रहाने सांगतो. मान जबरदस्तीने वर खेचली की पाठ खाली दबते, खांदा मोकळा हलत नाही आणि मागचा पाय पोटाखाली पुरेसा येत नाही. ती पाय रोवते तेव्हा ओढत राहू नये. दोर ताणून धरावा आणि तिने एक पाऊल टाकताच लगेच सैल सोडावा. जनावर या सैल सोडण्यातूनच शिकते. आरंभी दिवसातून थोडा वेळच, सकाळच्या थंडाव्यात, वावराच्या कडेच्या मऊ वाटेने न्यावे. खडीच्या रस्त्यावर नेऊ नये. माणसाने डोक्याच्या बाजूला राहून सावकाश चालावे, कारण घाईत जनावर पाऊल पुरते टाकत नाही.

प्रगती पाहण्यासाठी ओलसर मातीचा पट्टा फळीने सपाट करून त्यावरून तिला न्या. मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या ठशात किंवा त्याच्या अगदी जवळ पडू लागले, तर चाल सुधारत आहे असे समजावे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखणारे लोकही तो आधी बाजूने आणि मग मागून चालवून पाहतात. कालवडीसाठीही तोच क्रम ठेवावा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आज पाय उचलून पाहिला. बाहेरची नखी स्पष्टच उंच आहे. अंग भरावे म्हणून तिला मक्याचा भरडा आणि सरकी पेंड वाढवून देत आहे. त्याचा चालीशी काही संबंध असू शकतो का?

उत्तर : साक्री

संबंध निश्चित असू शकतो. भरडा एकदम वाढवला की पोटात आम्ल वाढते आणि खुराच्या आतील नाजूक थराला सूज येऊन जनावर काट्यांवरून चालल्यासारखे आखूड पावले टाकते. खूर महिन्याला साधारण 5 मिलिमीटरच वाढतो, त्यामुळे ही इजा भरून निघण्यास कित्येक महिने लागतात. शिवाय अंगावर चरबी चढलेली कालवड पाय मोकळा टाकू शकत नाही. पेंड बंद करण्याची गरज नाही, मात्र भरडा कमी करावा, तो दोन-तीन वेळांत विभागून द्यावा आणि त्याआधी कडबा किंवा सुका चारा पोटभर खाऊ द्यावा. कोब्यावर रबरी मॅट किंवा कोरड्या पाचटाचा जाड थर टाकावा. खूर हाताला गरम लागले, तर फिरवणे त्याच दिवशी थांबवून पशुवैद्यकांना दाखवावे. नख्या साळण्याचा निर्णयही मग त्यांनाच घेऊ द्यावा.