खायच्या सोड्याने कात टाकणं सुधारणार नाही

तुम्ही म्हणालात की टाकीत वापरता त्या विहिरीच्या पाण्याचा जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) १, केएच (कार्बोनेटचं प्रमाण, जे पीएच स्थिर ठेवतं) ० आहे आणि चेरी झिंगे, म्हणजे मत्स्यटाकीतले छोटे लाल झिंगे, कात टाकताना मरतायत. त्यावर कुणीतरी खायचा सोडा सुचवलाय. सोड्याने फक्त केएच वाढतो. ५० लिटरला साधारण ६ ग्रॅम सोडा टाकला की केएच ४ने चढतो, पण झिंग्याला नवीन कवचासाठी लागणारं कॅल्शियम त्यात औषधालाही नाही.

कोकणात जांभ्यातून झिरपलेलं पाणी असंच असतं, मऊ आणि किंचित आंबट. तिसऱ्यांचे रिकामे शिंपले तुमच्याकडे फुकट मिळतील. उकळून, घासून, फोडून जाळीच्या पिशवीत भरा आणि फिल्टरमध्ये ठेवा. आंबट पाण्यात ते भराभर विरघळतात, पीएच वाढला की आपोआप मंदावतात, त्यामुळे अचानक उडी बसत नाही. मॅग्नेशियम मात्र त्यातून फारसं मिळत नाही. त्यासाठी एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) वापरा, लिटरला ४४ मिलिग्रॅमने जीएच १ वाढतो. ते टाकीत थेट नको, पाणी बदलायच्या बादलीत विरघळवून घाला, तेही थोडंथोडं. चेरीला जीएच ६ ते ८, केएच २ ते ४ पुरे.

टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजणारं यंत्र) विसंबू नका, मीठ टाकलं तरी तो आकडा वाढतो. जीएच-केएच मोजायचं थेंबांचं टेस्ट किट घ्या.

टाकीत निऑन टेट्रा मासेही आहेत म्हणालात, त्यांना मऊ पाणी आवडतंच, थोडा वाढलेला जीएचही चालतो. चेरीऐवजी क्रिस्टल जातीचे झिंगे असते तर शिंपले टाकूच नका म्हणालो असतो, त्यांना केएच जवळपास शून्यच लागतो.