गाडीतल्या एचएफ रिगसाठी लिनिअर: थेट १३.८ व्होल्टचा की ५० व्होल्टचा?

गाडीत १०० वॅटचा एचएफ रिग (हॅम रेडिओचा शॉर्टवेव्ह ट्रान्सीव्हर) आहे. वापर ४० आणि २० मीटरच्या बँडवर, फक्त एसएसबी (आवाज पाठवायची पद्धत). आता लिनिअर (रिगची पॉवर वाढवणारा अॅम्प) घ्यायचाय, साधारण ५०० वॅटचा.

अडतंय ते वीजपुरवठ्यापाशी. ५० टक्के कार्यक्षमता धरली तरी १३.८ व्होल्टवर हा अ‍ॅम्प ७० अँपिअरच्या वर ओढणार, रिगचा करंट वेगळा. अल्टरनेटर ९० अँपिअरचा आहे आणि त्यावर एसी, दिवे, पंखा आहेतच. बोलताना सरासरी करंट बराच कमी असतो, मान्य. पण शब्दाच्या जोरावर व्होल्टेज बसलं की सिग्नल फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवाले शिव्या घालतात.

बॅटरीपासून थेट जाड केबल टाकली आहे, दोन्ही तारांना बॅटरीजवळ फ्यूज आहे, बॉनेट-डिकीला बाँडिंगच्या (बॉडीशी जोडणाऱ्या) पट्ट्याही लावल्या. अँटेना स्क्रूड्रायव्हर प्रकारचा (मोटरने ट्यून होणारा), ही पॉवर झेलणारा. त्यात आणखी सुधारायला फारसं उरलेलं नाही. ‘७ डीबीसाठी (म्हणजे १०० चे ५०० वॅट) एवढा खटाटोप कशाला’ हे ऐकून झालंय, कृपया पुन्हा नको! अल्टरनेटर बदलणार नाही. डिकीत दुसरी बॅटरी मात्र बसेल. ट्यूबचा अ‍ॅम्प नको.

१३.८ व्होल्टवर थेट चालणारा घ्यावा, की बूस्ट (व्होल्टेज वाढवणारा) कन्व्हर्टर लावून ५० व्होल्टचा एलडीमॉस ट्रान्झिस्टरवाला? दुसरा पर्याय गाडीत वापरणाऱ्यांनी सांगा: कन्व्हर्टरचा आवाज ४० मीटरवर रिसीव्हरमध्ये येतो का, आणि तो कशाने गेला?