ग्लॉक पिस्तूल अमेरिकी पोलिसांत एवढं कसं पसरलं?

शोधक७७
ग्लॉक १७ तयार झालं ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी, १९८२ साली. मग अमेरिकेतल्या पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडून तेच का घेतलं? आणि ‘डाय हार्ड २’ या हॉलीवूडपटात म्हणतात की ‘ग्लॉक ७’ हे चिनीमातीचं पिस्तूल विमानतळावरच्या एक्स-रेत दिसत नाही, ते खरं का? रहस्यकथेसाठी हवंय, चूक राहायला नको.

पोलादी
एक्स-रेचं आधी. त्या संवादावर विसंबू नका. ‘ग्लॉक ७’ नावाचं मॉडेलच नाही, चिनीमातीचं पिस्तूलही नाही. प्लास्टिकची असते ती खालची फ्रेम. स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) आणि नळी पोलादीच, म्हणजे एक्स-रेत स्पष्ट दिसतात.

पोलिसांचं कारण सरळ होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये ६ गोळ्या, यात १७. रिकामं पिस्तूल जेमतेम ६२५ ग्रॅमचं. बाहेर सेफ्टीचा खटका नाही, त्यामुळे रिव्हॉल्व्हरची सवय असलेल्या शिपायाला चाप ओढण्यापलीकडे काही लक्षात ठेवावं लागत नाही. शिवाय कंपनी जुनी शस्त्रं मोबदल्यात घ्यायची, तेव्हा खात्यांना खर्चही कमी यायचा. ११ एप्रिल १९८६ च्या मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे २ एजंट मारले गेले आणि रिव्हॉल्व्हर बदलायची मागणी जोरात सुरू झाली.

चापपट्टी
खटका नसणं हीच पुढे अडचण झाली, तेही कथेत येऊ द्या. रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड, ५ किलोच्या आसपास; ग्लॉकचा साधारण अडीच किलोचा. ग्लॉकच्या आपोआप चालणाऱ्या तिन्ही सेफ्टी पिस्तूल खाली पडलं तर गोळी सुटू देत नाहीत, पण बोट चापावर असेल तर त्यांचा काही उपयोग नाही. होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, घालताना शर्टाचं टोक चापात अडकलं तरी बार उडतो. न्यूयॉर्क पोलिसांनी म्हणूनच मुद्दाम जड स्प्रिंग बसवून घेतली, चाप पुन्हा ५ किलोवर नेला.

नळी_९मिमी
पोलादी, मायामीबद्दल एक दुरुस्ती. तिथे काही एजंटांकडे ९ मिमी (हा गोळीचा व्यास) पिस्तुलं होतीच. त्यातली एक गोळी हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरली, हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो गोळ्या झाडतच राहिला. एफबीआयने दोष गोळीला दिला आणि आधी १० मिमीचं दुसऱ्या कंपनीचं पिस्तूल घेतलं. ग्लॉक आलं १९९७ मध्ये, तेही .४० कॅलिबरचं (गोळीचा व्यास ०.४० इंच), ९ मिमीवर ते परतले २०१६ साली. शहरांची पोलीस खाती मात्र त्यांच्या कितीतरी आधी ग्लॉककडे वळली होती.

शोधक, ‘त्याने घोडा चढवला’ असं अजिबात लिहू नका. ग्लॉकला बाहेर घोडाच (अंगठ्याने मागे ओढायची हातोडी) नसतो. धमकी देताना पात्र पुन्हा स्लाइड ओढतं, तेही चुकीचं: चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) न झाडलेलं काडतूस बाहेर पडतं, एक गोळी वाया. आणि पिस्तूल रिकामं करतानाचा प्रसंग असेल तर आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढायचं, मग स्लाइड ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं. उलट क्रमाने केलं तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये चढते. साफसफाईसाठी ग्लॉकचे भाग सुटे करताना चाप ओढावाच लागतो, आणि चेंबरमध्ये गोळी राहिली असेल तर नेमका तिथेच बार होतो.