विषय: गावी एअरगन घेतली तर चालेल का?

प्रेषक: देवरुखकर, सॅन अँटोनिओ

मंडळी, नमस्कार.
गणपतीला गावी निघतोय. वांदरांनी माडावर एक शहाळं धड ठेवलेलं नाही, आणि खाली भातात रानडुकरं. इथे टेक्सासात २०१८ पासून एअरगनने हरणाची शिकारसुद्धा कायदेशीर आहे. भारतात एअरगनला, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीला, परवाना लागत नाही म्हणतात. मग रत्नागिरीत एक विकत घेऊन बाबांच्या हातात दिली तर? कुणाला माहिती आहे का?

---

प्रेषक: गुहागरचे काका, ह्यूस्टन

अरे बाबा, थांब. बंदूक बाळगणं शस्त्र कायद्यात येतं, जनावर मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात. पहिल्यात सूट मिळाली म्हणून दुसऱ्यात मिळत नाही. रानडुक्कर, वानर, भेकर, साळिंदर सगळी संरक्षित आहेत. मारायचा नुसता प्रयत्न केलास, तरी कायद्याच्या लेखी ती शिकारच. रानडुकरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक सरकारजमा होते ती वेगळीच.

आता टेक्सासचा नियम नीट वाच. हरणासाठी हवा आधीच दाबून भरलेली बंदूक लागते, गोळी किमान ०.३० इंच जाडीची, आणि जोर कमीत कमी २१५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २९० ज्यूल. आपल्याकडे बिनपरवाना मिळते ती ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली. चौदा पटींचा फरक! तिने डुक्कर मरणार नाही, जखमी होईल. आणि जखमी डुक्कर अंधारात कुठल्या बाजूने अंगावर येईल हे बाबांना विचार, ते सांगतील. इथल्या सरकारने एवढ्या जोराची अट घातली ती जनावर एका फटक्यात मरावं म्हणून.

नेम धरायची मजा म्हणून पक्षी मारायची हौस असेल तर तीही विसर. हरियल आपला राज्यपक्षी आहे.

---

प्रेषक: राजापूरची ताई, डॅलस

काकांचं बरोबर. आमच्या माहेरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, आजोबांच्या वेळची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता कोण समजावणार! आणि परवाना असला तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागतेच. नुकसान झालं की आधी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यायचा, भरपाईचा अर्जही त्यावरच होतो. आमच्याकडे हे काम नेहमी "उद्या करू"वर जातं आणि पीक कापून झाल्यावर पंचनामा कसला करणार?

फासकी, म्हणजे तारेचा फास, मात्र कुणालाही लावू देऊ नको. डुकरासाठी लावतात आणि बिबट्या अडकतो, मग अख्खी वाडी चौकशीत.

---

प्रेषक: देवरुखकर, सॅन अँटोनिओ

काका, ताई, आभार. बंदुकीचा विचार सोडला. भातासाठी सौर कुंपणाचा भाव काढायला चुलतभावाला सांगितलंय. पण वांदरांचं काय? ती तर माडावरून माडावर येतात, कुंपणाला हातही लावत नाहीत.

---

प्रेषक: राजापूरची ताई, डॅलस

वांदरांना राखणदारच हवा, आणि तो रोज यायला हवा. दोन दिवस आला नाही की त्यांना बरोबर कळतं. आमच्याकडे कुत्रा आणि गोफण चालते. पाइपात कार्बाइड घालून बार काढतात, ते बाबांना करू देऊ नकोस. त्याने डोळे जातात.