बॉक्समधला कूलर पुन्हा बसवल्यावर प्रोसेसर १०० अंशांवर. पुश-पिन (कूलर बोर्डाला अडकवणारी, दाबून बसवायची प्लास्टिकची पिन) नीट बसली का, हे कसं ओळखायचं?

अर्धा_टीबी
प्रोसेसर कोअर आय५-१२४००एफ, मदरबोर्ड एच६१०, कूलर प्रोसेसरबरोबर आलेलाच. धूळ काढण्यासाठी कूलर उतरवला, प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली आणि परत बसवला. आता बायोसमध्ये नुसतं बसून राहिलं तरी तापमान ७०च्या पुढे सरकतं. विंडोजमध्ये मोठी झिप फाइल उघडली की दोन सेकंदांत १००. फॅन पूर्ण वेगाने फिरतोय. हीटसिंकला बोट लावलं तर गार लागतो. दाबताना चारपैकी तीनच 'टक' ऐकू आले, चौथ्या कोपऱ्यात हललेलं जाणवतं.
पेस्ट वाढवून बघू का? एलजीए १२०० या आधीच्या इंटेल सॉकेटचा जुना कूलर पडून आहे, तो चालेल का? आणि एवढ्यात प्रोसेसरला काही झालं असेल का?

उलटा_बाण
हीटसिंक गार आणि प्रोसेसर १००, इथेच निदान झालं. उष्णता वर पोचतच नाहीये. फॅन अडला किंवा कॅबिनेटमध्ये हवा खेळत नसली तर तापमान मिनिटामिनिटाने चढतं आणि हीटसिंकही चांगला गरम लागतो. दोन सेकंदांत उडी म्हणजे कूलर प्रोसेसरला टेकलेलाच नाही. पेस्ट वाढवून काही होणार नाही. आधी मशीन बंद करून वीज काढा.

कॅबिनेटचं मागचं झाकण उघडा. मदरबोर्डच्या ट्रेला प्रोसेसरच्या मागे खिडकी असते, तिथून चारही भोकं दिसतात. नीट बसलेल्या पिनेच्या पांढरट पायाच्या दोन्ही फाका भोकातून पूर्ण बाहेर आलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध काळा खिळा घुसून त्या फाकलेल्या असतात. एक फाक आत आणि एक बोर्डावर चेपलेली दिसली, किंवा खिळा फाकांमध्ये उतरलेला नसला, की तोच तुमचा हलणारा कोपरा.

असं होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच. कूलर उतरवताना पुश-पिनांच्या टोप्या त्यांच्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढल्या जातात. परत बसवताना त्या तशाच राहतात. बाण बघून 'इकडे फिरवलं की घट्ट' असं वाटतं, पण तो सोडवण्याचा बाण आहे. तेव्हा बसवण्याआधी चारही टोप्या बाणाच्या उलट, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, अडेपर्यंत फिरवा आणि वर खेचून ठेवा. खिळा आधीच फाकांमध्ये उतरलेला असला तर त्या भोकात शिरण्याआधीच फाकतात. मग जोर लावला की एक फाक मुडपते.

आता बसवणं. जमलं तर बोर्ड बाहेर काढा. कडक टेबलावर सपाट ठेवू नका, पिनांची टोकं खालून दोनतीन मिलिमीटर बाहेर येतात, त्यांना जागा हवी. बोर्डाच्या खोक्यावर त्यातलाच फोम ठेवला तरी पुरतं.
कूलर फिरवून बघा, फॅनची वायर सीपीयू_फॅन लिहिलेल्या चार पिनांच्या जोडापर्यंत आरामात पोचली पाहिजे. मग चारही पाय भोकांवर आणून कूलर सरळ खाली टेकवा. टोप्या इतक्यात दाबायच्या नाहीत. चारही पाय भोकात शिरलेत हे वाकून बघा. एका हाताने कूलर स्थिर धरा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एक टोपी सरळ खाली दाबा, 'टक' येईपर्यंत. दुसरी टोपी तिच्या शेजारची नाही, तिरक्या समोरची. मग उरलेल्या दोन. शेजारच्या दोन आधी दाबल्या की कूलर एका बाजूने उचलला जातो आणि पलीकडच्या पिना भोकापर्यंत पोचतच नाहीत.
दाबून झाल्यावर टोप्या फिरवू नका. फिरवून घट्ट करायची सवय असते, इथे तिने सुटतं.

एलजीए १२००चा कूलर बसणार नाही. तिथे भोकांचं अंतर ७५ मिमी, तुमच्या एलजीए १७०० सॉकेटवर ७८. दीड-दीड मिलिमीटर ओढून पिना घुसवायचा प्रयत्न करू नका. शिवाय नव्या सॉकेटमध्ये प्रोसेसरची उंचीही वेगळी आहे, दाब बरोबर पडत नाही.

तीन_वॉट
वरच्याशी सहमत. पेस्टबद्दल थोडं, कारण कूलर एकदा उचलला की पेस्ट पुन्हा लावावीच लागते. दाबलेली पेस्ट सुटताना तिच्यात खाचा पडतात आणि परत टेकवलं की तिथे हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला जेमतेम ०.०३ वॉट, साध्या पेस्टची ४ ते ८, तांब्याची ४००च्या आसपास. म्हणजे पेस्टसुद्धा धातूपुढे वाईटच वाहक आहे. ती फक्त दोन पृष्ठभागांमधले बारीक खड्डे बुजवायला असते. जाड थर दिला तर उलट अडथळाच.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं. मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं (मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली). कॉफी गाळायचा कागद किंवा तंतू न सुटणारं कापड घ्या, कापूस नको. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ दोन्ही चकचकीत करा.
एलजीए १७००चा प्रोसेसर लांबट असतो, ३७.५ बाय ४५ मिमी. त्यामुळे मधोमध तुरीच्या दाण्याएवढा ठिपका किंवा लांबीच्या दिशेने दीडदोन सेंटीमीटरची बारीक रेघ. पसरवण्याचं काम कूलरच्या दाबावर सोडा. बोटाने पसरवू नका. कूलर खाली आणताना एकदाच, सरळ. टेकवून परत उचलून 'पसरली का' बघायचा मोह आवरा.

प्रोसेसरला काही झालं का, तर बहुधा नाही. १०० अंश ही या प्रोसेसरची ठरवून दिलेली मर्यादा आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग आणि व्होल्टेज कमी करतो. तरीही चढत राहिला तर मशीन धाडकन बंद होतं. काही मिनिटांत तो जळत नाही. पण महिनोन्महिने मर्यादेला टेकून चालवलात तर आयुष्य कमी होतं आणि आजूबाजूचा वीजपुरवठ्याचा भागही भाजत राहतो.

अवांतर: पेस्टऐवजी टूथपेस्ट लावायचा व्हिडिओ कोणी पाठवला तर पुढे पाठवू नका. ती काही दिवसांत वाळून तिचे पोपडे होतात.

अर्धा_टीबी
मागून बघितलं. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या पिनेची एक फाक आत मुडपलेली आहे, बाकी तीन बरोबर. काढून सरळ केली, पण फाकेच्या मुळाशी पांढरी रेघ उमटली आहे. चालेल? की नटबोल्ट लावू?

उलटा_बाण
पांढरी रेघ म्हणजे प्लास्टिक थकलं. आज 'टक' होईल, गरम-गार होऊन महिन्याभरात सुटेल. बदला. सुट्ट्या पुश-पिनांचा चारचा संच मिळतो, जुनी पिन कूलरच्या हातातून दाबून काढता येते. घेताना जुनी पिन सोबत न्या, लांबी जुळवून घ्या.

नटबोल्ट नको. त्यांना स्प्रिंग नसते, त्यामुळे किती आवळलं याला मापच राहत नाही. एक कोपरा जास्त आवळला की बोर्ड वाकतो, आणि मागचा धातूचा नट बोर्डावरच्या जवळच्या तांब्याच्या रेषांना टेकला तर शॉर्ट. मजबुतीच हवी असेल तर मागे प्लेट लागणारा स्क्रूचा टॉवर कूलर घ्या, डब्यावर एलजीए १७०० लिहिलेलं बघून. त्याच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा आठवणीने सोला. स्क्रू आलटून पालटून, एकेक-दोनदोन फेरे, थांबा लागेपर्यंत.

पिन_१३३१
हा धागा वाचून कोणी एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर हात घालणार असेल तर एक सांगतो. तिथे जोडणीच्या बारीक पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. पेस्ट वाळलेली असली आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर बंद सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं भार देऊन चालवा, पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वीज काढून, कूलर डावीउजवीकडे थोडा थोडा फिरवत सुटा करा. शिवाय प्लास्टिकच्या पट्ट्यांचे चार स्क्रू काढले की मागची प्लेट गळून पडते, ती हाताने धरा.

अर्धा_टीबी
संच आणला, चारही 'टक' आले, मागून चारही खिळे मधोमध दिसतात. बायोसमध्ये पाच मिनिटांनी ४१. सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण भार देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवलं, ७६ वर थांबलं, खोली ३१. हे बरोबर आहे ना? पुढच्या आठवड्यात कॅबिनेट गाडीतून कोल्हापूरला न्यायचंय.

तीन_वॉट
बरोबर आहे. खोलीपेक्षा किती वर हे बघायचं, तुमचा फरक ४५. मे महिन्यात खोली ३८ झाली तर आकडा ८३च्या आसपास दिसेल, त्याने घाबरू नका. ४५चाच फरक वाढून ६० झाला तर मात्र आधी धूळ बघा, मग पिना.
फॅनची वायर पात्यांपासून लांब बांधून घ्या. गाडीत कॅबिनेट आडवं ठेवा, काचेची बाजू वर, म्हणजे कूलरचं वजन पिनांवर न लोंबता प्रोसेसरवर टेकतं. पोचल्यावर सुरू करण्याआधी कूलर बोटाने हलवून बघा.