थंबलीनाच्या गोष्टीत चेटकीण की भिकारीण? आणि या मेरी हाउइट कोण?

खिडकीतली_मांजर:
नमस्कार मंडळी, प्रश्न छोटासाच आहे पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. लेक साडेपाच वर्षांची, झोपताना रोज गोष्ट लागते. आमच्याकडच्या पुस्तकात थंबलीना अशी सुरू होते की मूल नसलेली एक बाई चेटकिणीकडे जाते, ती तिला जवाचा दाणा देते, दाणा पेरला की फूल येतं आणि फुलात अंगठ्याएवढी मुलगी. परवा नेटवर एक जुनं स्कॅन केलेलं इंग्रजी पुस्तक सापडलं, १८४६ चं, आणि त्यात चेटकीणच गायब! दारात एक भिकारीण येते, घरची बाई तिला पाव आणि दूध देते, त्या बदल्यात ती दाणा देऊन जाते. मुलीचं नावही थंबलीना नाही, टॉमेलिसे. अनुवादक मेरी हाउइट. आता मूळ डॅनिश लेखक हान्स अँडरसननेच गोष्ट दोनदा लिहिली का या बाईंनी परस्पर बदलली? आणि या बाई कोण, कुणी वाचलंय का यांचं काही?

जुनं_पान:
परस्पर बदलली. मूळ डॅनिशमध्ये चेटकीणच आहे आणि ती दाणा फुकट देत नाही, बाई तिला रोख बारा स्किलिंग (तेव्हाची डॅनिश नाणी) मोजते. मेरीबाईंना चेटकिणीकडून मूल आणणं काही पटलं नाही, म्हणून भिकारीण आणली. टॉमेलिसे हे नाव मात्र त्यांनी मूळचंच ठेवलंय, डॅनिशमध्ये टॉमेल म्हणजे अंगठा. त्याच वर्षी चार्ल्स बोनर नावाच्या गृहस्थांनी हीच गोष्ट इंग्रजीत आणली तर मुलीचं नाव केलं लिटल एली. थंबलीना हे नाव त्यानंतर पंधरावीस वर्षांनी आलं.

नाव ऐकलं नसेल पण बाईंची एक ओळ तुम्ही नक्की ऐकलीय. कोळी माशीला म्हणतो, येतेस का माझ्या दिवाणखान्यात? ती कविता यांची, १८२९ ची. लुईस कॅरलच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये कासव जे गाणं म्हणतं, व्हायटिंग मासा गोगलगायीला म्हणतो जरा भरभर चाल, ते याच कवितेचं विडंबन आहे. म्हणजे विडंबनकार जगप्रसिद्ध आणि मूळ कवयित्रीबद्दल आपण विचारतोय या कोण :)

वरणफळं:
माफ करा पण मला हे अजिबात आवडलेलं नाही. चेटकीण खटकते तर ती गोष्ट घेऊ नका ना, दुसरी घ्या. एकदा माझ्या अनुवादातून संपादकांनी मला न विचारता एक दारुड्या मामा काढून टाकला होता, मुलांचं पुस्तक आहे म्हणून, त्या मामाशिवाय गोष्टीत काही उरलंच नाही. इथेही तेच झालंय. पैसे मोजून आणलेलं मूल आणि पुण्याईने मिळालेलं मूल या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. बाईंचं डॅनिश कच्चं होतं, जर्मनचा आधार घ्यायच्या, अशी टीकाही झालीये.

टेकडीवरून:
@वरणफळं, मुद्दा मान्य, पण आपण ऑथेल्लोचा झुंजारराव केला तेव्हा टाळ्याच वाजवल्या की. (हो हो, ते रूपांतर म्हणून सांगून केलं होतं, माहितीये.) मला तर मेरीबाईंची सुरुवात वाचून श्रावणातली कहाणीच आठवली, दाराशी कुणी येतं, त्याला पोटभर वाढलं की वर मिळतो, उतू नकोस मातू नकोस एवढंच म्हणायचं राहिलंय.

आणि बाईंचं आयुष्य बघा जरा. जन्म १७९९, घर कट्टर क्वेकर (साधेपणा आणि मौन मानणारा ख्रिस्ती पंथ), इतकं गप्पगप्प की मेरी आणि तिची बहीण उशिरा बोलायला लागल्या आणि कुणी शब्दच शिकवत नाही म्हटल्यावर दोघींनी आपले आपण बनवले. शिंकण्याला अकिशॅम, म्हणजे आपलं आँक्छी! घड्याळावरच्या रोमन आकड्यांना इक्लीमिक्लीडिक्टाइन्स. हे तिने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मला वाटतं जिला शब्द घरातून आयते मिळाले नाहीत तिला दुसऱ्याची भाषा पुढे भीतीदायक वाटलीच नसणार.

१८२१ ला विल्यम हाउइटशी लग्न, नॉटिंगहॅमला त्याचं औषधांचं दुकान, पुढे दोघंही लिहूनच पोट भरायचे. १८४० ला मुलांच्या शिक्षणासाठी हायडेलबर्गला गेले, तिथे चाळिशीत बाई स्वीडिश आणि डॅनिश शिकायला बसल्या. १८४२ पासून फ्रेडरिका ब्रेमरच्या स्वीडिश कादंबऱ्या इंग्रजीत आणल्या, मग अँडरसन. तो १८४७ ला लंडनला आला तेव्हा यांच्या घरी जाऊन आला पण पुढे बिनसलं. तेव्हा डॅनिश लेखकाला इंग्लंडात कॉपीराइट नव्हता, त्यामुळे पैशांवरून वाजणारच. १८५२ च्या पुस्तकात बाईंनी त्याच्याबद्दल फार काही बरं लिहिलेलं नाही.

अवांतर: तो जो ऑस्ट्रेलियात बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांच्या फसलेल्या मोहिमेचा शोध घ्यायला गेला आणि १८६१ ला त्यांच्यातल्या जॉन किंगला जिवंत शोधून काढलं तो अल्फ्रेड हाउइट या बाईंचाच मुलगा. दुसरा एक, चार्लटन, १८६३ ला न्यूझीलंडमध्ये तळ्यात बुडून गेला. बाई शेवटी रोममध्ये राहिल्या, उतारवयात कॅथलिक झाल्या आणि १८८८ ला तिथेच गेल्या.

वरणफळं:
अकिशॅम!! बरं, थोडासा राग गेला. थोडासाच. ब्रेमरच्या कादंबऱ्यांत पण अशीच कात्री चालवली का हे बघायला पाहिजे.

खिडकीतली_मांजर:
सगळ्यांना धन्यवाद, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल रात्री प्रयोग म्हणून दोन्ही सुरुवाती वाचल्या. भिकारणीची ऐकून म्हणाली तिला दूध गरम करून दिलं का? चेटकिणीची ऐकून म्हणाली बारा म्हणजे किती, आणि माझे किती दिले होते? बाबा हसत पलीकडच्या खोलीत पळाला, मी अजून उत्तर दिलेलं नाही.