ओढ्याला 'विसर्ग' म्हणायचं का? (शब्द हवेत)

दोन पावसाळे वेल्हे तालुक्यातल्या एका वाडीच्या वर ओढ्याचं पाणी मोजायच्या कामात होतो, आता अहवाल मराठीत लिहायला बसलोय आणि शब्दांपाशीच गाडी अडलीये. पाणलोट तेवढा सगळ्यांना कळतो, राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारमुळे तो घराघरात गेलाय. पण पाऊस पडल्यावर ओढा किती वेळाने, किती आणि कसा वाढतो या सगळ्याला मिळून काय म्हणायचं? कोशातला 'प्रतिसाद' लिहिला तर ओढा पावसाला टाळ्या वाजवतोय असं वाटतं. 'अपधाव', 'विसर्ग', 'येवा' यातला कुठला कुठे लावायचा तेही सांगा.

प्रतिसाद १
(बघा, हाही प्रतिसादच.) पाटबंधाऱ्यात नोकरी झाली माझी, म्हणून सांगतो. येवा म्हणजे धरणात येणारं पाणी, विसर्ग म्हणजे ठरावीक ठिकाणाहून दर सेकंदाला जाणारं पाणी, मग ते दरवाजातून सोडलेलं असो नाहीतर नदीचं. ओढ्यालाही विसर्ग चालतो, चूक नाही, फक्त बातम्यांमुळे लोकांना विसर्ग म्हटलं की धरणाचे दरवाजेच दिसतात. आणि ओढ्याला क्युसेक नका लावू हो, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर, उन्हाळ्यात तुमच्या ओढ्यात तेवढं तरी असतं का? लिटर प्रतिसेकंद लिहा. अपधाव म्हणजे जमिनीत न मुरता वाहून गेलेला पाऊस, शेतकी पुस्तकांत रुळलेला शब्द आहे पण वाडीवर कुणी बोलणार नाही.

प्रतिसाद २
आमच्याकडे तळकोकणात व्हाळ म्हणतात, रत्नागिरीकडे पऱ्ह्या. आई जूनच्या पहिल्या पावसात म्हणायची "अजून जमीन पितेय" आणि श्रावणात नुसती एक जोराची सर आली तरी "व्हाळाक पाणी इला, पोरांनो अलीकडे या". एवढ्याच पावसाला जूनमध्ये काही नाही आणि ऑगस्टमध्ये लोंढा, ते यामुळेच ना?

धागाकर्ता
@२ अगदी तेच! जमीन भरली की वरून पडलेलं मुरायला जागा नसते. 'जमीन पितेय' अहवालात घालतोच, साहेब लाल रेघ मारतील तेव्हा बघू.

@१ धन्यवाद काका, लिटरच लिहितो. आम्ही पत्र्याला ९० अंशाची खाच पाडून ती ओढ्यात आडवी बसवली होती. खाचेत पाण्याची उंची १० सेंमी असली की सेकंदाला साधारण साडेचार लिटर, २० झाली की जवळजवळ २५, म्हणजे उंची दुप्पट आणि पाणी साडेपाच पट, त्यामुळे पट्टी वाचताना बोटभर चुकलं तरी हिशोब बोंबलतो. आणि मोठ्या पावसात खाच पुरतच नाही. ४० हेक्टरवर तासात २५ मिमी म्हणजे एक कोटी लिटर, त्यातला दहावा हिस्सा जरी तासाभरात खाली आला तरी पाणी पत्र्यावरून जाणार. जुलैत तसंच झालं, सकाळी बघितलं तर पत्रा दोन शेतं खाली बांधाला अडकलेला आणि वहीत त्या रात्रीची जागा कोरी.

प्रतिसाद ३
पाऊस कुठे मोजला तेही लिहा. पर्जन्यमापक गावात, सकाळी साडेआठला वाचायचा, आणि पाऊस पडतो वर धारेवर! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३, तेही सपाट मुंबईत, मग डोंगरात काय होत असेल. शिवाय २४ तासांचा एकच आकडा असेल तर ओढा किती वेळाने चढला हे कळणारच नाही, त्याला दर पाच-दहा मिनिटांची नोंद लागते.

शब्दाचं म्हणाल तर कोशात कशाला शोधता, आपण बोलतोच की, पाणी 'चढतं' आणि 'ओसरतं'. आलेखाची चढती बाजू, ओसरती बाजू. पाऊस ऐन भरात असतानापासून पाणी ऐन भरात येईपर्यंतचा वेळ तो 'चढायचा वेळ'.

प्रतिसाद १
'चढायचा वेळ' नको, पाणी चढायला लागल्यापासूनचा वेळ असा अर्थ होईल. 'पावसामागचा उशीर' बरा.

धागाकर्ता
उशीर घेतला. आता पाऊस थांबल्यावरही आठ-आठ दिवस झिरपून येत राहतं ते पाणी उरलं. पुस्तकात 'मूळ प्रवाह' आहे, वाडीतल्या आजी म्हणतात "डोंगर पाझरतोय". 'पाझर' लिहितोय, कुणाची हरकत असेल तर उद्यापर्यंत सांगा, परवा छापायला जातंय.